नंबर पुढे गेला, मी राहिलो

मी एक सिमकार्ड बोलतोय. बोटाच्या पेरावर मावेन एवढा माझा देह आणि त्यावर पितळी रंगाचा एक चौकोन. चौदा वर्षं लोक माझ्यातून बोलत होते. माझं स्वतःचं असं काही मी आज पहिल्यांदाच बोलतोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती देऊळगाव राजाच्या बसस्टँडसमोरची. एक मोठी रंगीत छत्री, तिच्याखाली टेबल आणि टेबलावर पाकिटात बंद असलेली आम्ही शंभरेक भावंडं. दुसरबीडपासून सात-आठ किलोमीटर आत असलेल्या एका खेड्यातले उकंडराव त्या दिवशी तुषार संचाचे नोझल घ्यायला आले होते. जाता जाता ते छत्रीपाशी थांबले आणि त्यांनी मला घेतलं.

घेतलं ते सुनेसाठी. त्यांची सून पुष्पांजली त्याच महिन्यात गावाची आशाताई झाली होती. गरोदर बायांची नोंद ठेवायची, त्यांना तपासणीला न्यायचं, वेळ आली की गाडी बोलावून दवाखान्यात पोचवायचं, हे तिचं काम. तिची कागदपत्रं अजून माहेरच्या नावाची होती, म्हणून उकंडरावांनी मला स्वतःच्या नावावर घेतलं. अर्जावर फोटो सासऱ्यांचा, सही सासऱ्यांची आणि माझ्यातून बोलणार सून.

घरी आल्यावर त्यांनी गेरू कालवला आणि शाळेच्या, समाजमंदिराच्या आणि पाण्याच्या हौदाच्या भिंतीवर लिहिलं, 'बाळंतपणासाठी फोन करा.' खाली माझे दहा आकडे. गावात विमलबाई नावाच्या एक आजी होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दोन-दोन आकड्यांच्या जोड्या लावून तो नंबर ओवीच्या चालीवर पाठ केला आणि गावातल्या लेकीसुनांनाही शिकवला. बघता बघता आसपासच्या चार वस्त्यांवरच्या बायांच्या तोंडी माझा नंबर बसला. मी त्यालाच माझं नाव समजू लागलो.

ती वर्षं चांगली गेली. "ताई, कळा सुरू झाल्या," एवढं ऐकलं की पुष्पांजली चप्पल घालतानाच गाडीला फोन लावायची. किती बाळांच्या येण्याची खबर माझ्यातून गेली, मी मोजलं नाही. माणसांची एक गंमत मला कळली. रेंज कमी झाली की ती आवाज वाढवतात, जणू टॉवरपर्यंत पोचायचं काम गळ्याचं आहे. आणि खरोखर नाजूक गोष्ट सांगायची असली की बाई पदर तोंडाशी धरते आणि इतकं हळू बोलते, की मलाही कान टवकारावे लागायचे.

मधे एकदा मोबाईल बदलला. दुकानदाराने मला एका यंत्रात धरून चारी बाजूंनी कापलं, तेव्हा मी नव्या खाचेत बसलो. तरी काम थांबलं नाही.

मग माझ्या कंपनीचे दिवस फिरले. गिऱ्हाइकं कमी झाली. माळावरच्या टॉवरात डिझेल टाकायला येणारी गाडी आधी उशिरा येऊ लागली, मग यायचीच बंद झाली. गावची लाईट गेली की घटकाभरात टॉवर मुका व्हायचा आणि त्याच्याबरोबर मीही. पुष्पांजली मोबाईल घेऊन गोठ्यापाशी जायची, मग गच्चीवर, मग चिंचेखाली.

तिचा नवरा हर्षल एकदा जेवताना म्हणाला, "पुष्पा, माह्या मोबाईलले चार कांड्या अन् तुह्याले भोपळा. कंपनी बदलून टाक ना. काऊन थांबून राह्यली?"

"नंबर गेला त मंग?" उकंडराव म्हणाले. "चार वस्त्या त्या नंबरवर हायेत."

"नंबर तोच राह्यते, बाबा. कंपनी बदलते फक्त."

"असं कसं राहीन? घर बदललं अन् पत्ता तोच?" उकंडरावांना ते पटेना. आणि मी त्यांच्या नावावर असल्यामुळे त्यांच्या अंगठ्याशिवाय काही होणारही नव्हतं.

पुष्पांजलीची अडचण वेगळी होती. तिने नोंदवही उघडून दोघांपुढे ठेवली. "नंबर तोच राह्यते, हे मले मालूम हाय. पण बदलताना दोन-चार घंटे बंद राह्यते. कोणत्या दिवशी बंद ठेवू, सांगा बरं? ही सहा तारखेची, ही नऊची. ही पहिलटकरीण, हिचा काही भरवसा नाही. रिकामा दिवस दाखवा मले."

रिकामा दिवस सापडला नाही. मग पोलिओचा डोस आला, मग घरोघरचा सर्व्हे, मग नात्यातलं लग्न. विषय दर महिन्याला निघायचा आणि दर महिन्याला मागे पडायचा. खरं सांगतो, तो मागे पडला की मला बरं वाटायचं. मला तिच्याजवळ राहायचं होतं. माझ्याने काम होत नाही हे मला सगळ्यांच्या आधी कळत होतं, तरी मी मनात म्हणायचो, अजून थोडे दिवस.

वैशाखातली गोष्ट. लाईनच्या कामासाठी सकाळी दहालाच लाईट गेली होती. हर्षल हळद घेऊन बाजाराला गेला होता. पुष्पांजली ओसरीवर बसून लसीकरणाची यादी लिहीत होती आणि मी तिच्या शेजारी, मोबाईलच्या पोटात, टॉवरचं काहीही ऐकू न येता पडून होतो. तिने दोनदा मोबाईल उचलून पाहिला आणि पुन्हा खाली ठेवला.

साडेचारला लाईट आली. टॉवर जागा झाला आणि माझ्याकडे निरोप येऊ लागले. या नंबरवरून तुम्हाला फोन आला होता. पुन्हा तोच नंबर. पुन्हा तोच. मी एकेक करून ते तिच्यापुढे ठेवत गेलो. अकरा. पहिला एक वाजून पाच मिनिटांचा, शेवटचा दोनला.

नंबर होता मळ्यातल्या वस्तीवरच्या चांगुणाबाईंचा. त्यांची सून रेणुका आठव्या महिन्यात होती. पुष्पांजलीने फोन लावला, तो कुणी उचलला नाही. ती तशीच पळत सुटली. अडीच किलोमीटर. मी तिच्या मुठीत होतो.

वस्तीवर शेजारीण होती, तिने सांगितलं. दुपारी रेणुकाला एकाएकी रक्त जाऊ लागलं. चांगुणाबाई तासभर फोन लावत राहिल्या. शेवटी रस्त्यावरून जाणारा एक टेम्पो हात करून थांबवला आणि तिला नेलं. रेणुका वाचली. पोटातलं बाळ मात्र दवाखान्यात पोचेपर्यंत गेलं होतं. मुलगी होती.

तिसऱ्या दिवशी पुष्पांजली सासऱ्यांना घेऊन चांगुणाबाईंकडे गेली. रेणुका भिंतीकडे तोंड करून पडली होती. चांगुणाबाईंनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही एकशे आठले काऊन नाही लावला, मामी?" पुष्पांजलीने विचारलं.

"मले त तुहाच नंबर येते, बाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "लावला होता. बंद हाय म्हणे."

उकंडराव टोपी हातात घेऊन बसले होते, ते खाली पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्याबरोबर उकंडरावांनी स्वच्छ धोतर नेसलं. "चाल सूनबाई," ते म्हणाले. "आधार कार्ड घे माहं."

दुसरबीडला रस्त्यालगत गोकुळचं मोबाईलचं दुकान आहे. त्याने माझ्यातून 'पोर्ट' असा मेसेज पाठवला. उत्तरात आठ अक्षरांचा कोड आला. माझं काम संपवणारा तो कोड मीच आणून दिला. गोकुळने तो उतरवून घेतला आणि अंगठ्याचं यंत्र उकंडरावांपुढे सरकवलं.

अंगठा लागेना. पन्नास वर्षं कुदळ-फावडं धरून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. गोकुळने कापडाने यंत्र पुसलं, कोमट पाण्याने त्यांचे हात धुवायला लावले. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली. यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवायचं.

"काका, असं करा," गोकुळ कंटाळून म्हणाला. "ताईच्या नावानं नवा नंबरच घेऊन टाका. पाच मिन्टाचं काम हाय. हा सोडून द्या."

उकंडरावांनी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली. "बायायले लिहिता येत नाही, दादा. चौदा वर्षांत पाठ झाला हाय त्यायले. नवा नंबर कोण कोणाले शिकवीन? अन् तो शिकेपर्यंत ज्या जुन्याच नंबरवर लावतीन, त्यायचं काय?"

उकंडराव पुन्हा यंत्रापुढे बसले. डाव्या हाताची अनामिका त्यांनी सदऱ्याला पुसली आणि दोन्ही हातांनी दाबावी तशी यंत्रावर दाबली. हिरवा दिवा लागला. ते काही वेळ बोट उचलायलाच तयार नव्हते.

गोकुळने नवं कार्ड एका पाकिटात घालून दिलं. "तीन-चार दिवसांत हे जुनं बंद पडीन, मंग नवं टाका. मधात काही घंटे जातीन."

त्या घंट्यांसाठी पुष्पांजलीने दोन दिवस पायपीट केली. नोंदवहीतल्या प्रत्येक घरी गेली. हर्षलचा नंबर चिठ्ठीवर लिहून चुलीजवळच्या फळीवर ठेवला, लहान पोरांकडून वाचून घेतला. आणि प्रत्येक बाईला समोर बसवून रुग्णवाहिकेचा एक-शून्य-आठ म्हणायला लावला, पुन्हा पुन्हा. घरी आल्यावर ती हर्षलला म्हणाली, "सारं गाव म्या माह्या एकट्या नंबरवर बसवून ठेवलं होतं. टॉवरचं त होतंच, पण हे माहं चुकलं." हर्षलने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ती बराच वेळ पाणी प्यायली नाही.

माझ्या शेवटच्या फोनांपैकी एक माझ्याच कंपनीचा होता. गोड आवाजाची एक मुलगी बोलत होती. "नमस्कार, उकंडराव सरांशी बोलायचं होतं."

"मी त्यांची सून. बोला."

"मॅडम, आपण आमची सेवा सोडून जात आहात असं दिसतंय. आपल्यासाठी खास ऑफर आहे. तीन महिने अगदी मोफत."

"मले मोफत नको, बाई," पुष्पांजली म्हणाली. "तुमच्या टॉवरात डिझेल नव्हतं. मले अकरा फोन आले होते. एकही लागला नाही. एका बाईचं लेकरू गेलं."

पलीकडे तिच्या मागे दुसऱ्या पोरी बोलत होत्या, त्यांच्याही गोड आवाजात कुणाला तरी काहीतरी मोफत मिळत होतं. मग ती मुलगी बोलली. आवाज तोच होता, पण पाठ केलेलं बोलणं संपलं होतं. "ताई, मी... मी वर कळवते. नक्की कळवते."

"कळवा," पुष्पांजली म्हणाली. "त्या माळाखाली अजून लई घरी तुमचंच कार्ड हाय."

चौदा वर्षांत मी हजारो निरोप पोचवले, पण तो पोचवताना मला माझ्या कंपनीची लाज वाटली. आणि माझीही. ती जागा मी फार आधी रिकामी करायला हवी होती. करणं माझ्या हातात नव्हतं हे खरं, पण मनातून मी राहायलाच बसलो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास टॉवरकडून मला काही ऐकू येणं थांबलं. पुष्पांजलीने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, मोबाईलच्या कडेला टोचली आणि मी बाहेर आलो. तिने मला तळहातावर घेतलं. माझ्या कडा त्या जुन्या कापण्यामुळे ओबडधोबड होत्या, त्यांवरून तिने नख फिरवलं. मग माझ्या जागी नवं कार्ड बसवलं. मोबाईल सुरू झाला आणि उकंडरावांनी हर्षलच्या मोबाईलवरून तेच दहा आकडे लावले.

घंटी वाजली. "लागला," उकंडराव म्हणाले, आणि फोन कानाला लावून समोरच उभ्या असलेल्या सुनेला म्हणाले, "हॅलो."

तेव्हा मला कळलं, की तो नंबर माझं नाव नव्हता. तो बायांचा होता. तो पुढे गेला आणि ते बरं झालं.

आता मी पुष्पांजलीच्या जुन्या नोंदवहीच्या कव्हरात आहे. ती दर मंगळवारी रेणुकाकडे जाते, हे मला बाहेरच्या बोलण्यातून कळतं. पहिले दोन महिने रेणुका तिच्याशी बोलली नाही. पुष्पांजली जायची, ओट्यावर बसायची, रक्तवाढीच्या गोळ्या ठेवायची आणि परत यायची. परवा रेणुकाने तिला चहा विचारला, असं ती हर्षलला सांगत होती.

वाचकहो, तुमच्या मोबाईलच्या पोटात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याच्याकडे एकदा नीट पाहा. त्याला ऐकू येत नसेल तर त्याच्या जुनेपणाची कीव करू नका. उद्या करू, लग्न झाल्यावर करू, असं म्हणू नका. त्याला काढून ठेवा. ते रागावणार नाही, एवढं मी माझ्या जातीच्या वतीने सांगू शकतो.

आज दुपारपासून लाईट नाही. पंखा थांबलाय, नोंदवहीच्या पानांत उकाडा साचलाय. आत्ताच ओसरीवर मोबाईल वाजला. कुणाचा फोन होता, काय झालं होतं, मला काही समजलं नाही. ते ऐकणं आता माझ्याकडे नाही. मला फक्त पुष्पांजलीचा आवाज आला.

"हाव, बोल. ऐकू येऊन राह्यलं मले."

आणि मग चप्पल सरकवल्याचा आवाज.