कुंभकर्णाच्या मानेची मोटर

शेखरला लग्नांचा वीट आला होता. स्वतःच्या नव्हे, ते बरं चाललं होतं, दुसऱ्यांच्या. इंदिरानगरात फोटो स्टुडिओ थाटल्यापासून त्याने इतके नवरदेव घोड्यावर चढताना आणि इतक्या वरमाया रुसून बसताना टिपल्या होत्या, की मंगलाष्टकं सुरू झाली की त्याला हटकून जांभई यायची. त्याला आता टाइमलॅप्स करायचा होता. म्हणजे कॅमेरा मांडून दिवसभर थोड्या थोड्या वेळाने एकेक फोटो काढायचा आणि मग ते सगळे फोटो भराभर दाखवायचे. अख्खा दिवस मिनिटभरात उलगडतो, ढग पळत सुटतात, सावल्या जमिनीवरून सरपटतात आणि बघणारा आ वासून बघत राहतो. निदान शेखर तरी राहायचा.

त्यातही त्याला नुसता ठोकळ्यासारखा उभा कॅमेरा नको होता. दिवसभरात त्याने इकडून तिकडे मान वळवावी, अशी साहेबांची हौस. त्यासाठी बाजारात यंत्रं मिळतात, पण त्यांचं नाव काढलं की बायकोची, तेजस्विनीची भुवई वर जायची. ती भुवई खाली आणण्यापेक्षा माळ्यावर चढणं सोपं होतं. माळ्यावर विजेवर फिरणारं एक जुनं डोकं पडलेलं होतं. ते तिवईवर बसवायचं, वर कॅमेरा लावायचा, रिमोटचं बटण दाबलं की ते कॅमेऱ्यासकट डावीउजवीकडे फिरायचं आणि वरखाली मान हलवायचं. मंगल कार्यालयात एके काळी त्याने भल्याभल्यांची भंबेरी उडवली होती. त्यात खोड एकच होती, घाई. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते श्रीखंड वाढून व्हायच्या आत पोचायचं. शेखरला तेवढ्याच अंतरासाठी सकाळची संध्याकाळ करायची होती.

त्याने ते डोकं जेवणाच्या टेबलावर उघडलं. आठवडाभर घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवली.

"यातलं एखादं दातेरी चाक उद्या वरणात निघालं ना," तेजस्विनी म्हणाली, "तर मी तुला माळ्यावर टाकीन आणि हे डोकं संसाराला घेईन. ते निदान बटण दाबलं की हलतं तरी."

मूळची मोटर कितीही कमी वीज दिली तरी धावायची नाहीतर मख्ख बसायची, मधलं काही तिला ठाऊकच नव्हतं. शेवटी शेखरला गल्लीतल्या गणेश मंडळाचा कुंभकर्ण आठवला. यंदाच्या हलत्या देखाव्यात तो थर्माकोलचा राक्षस दहा दिवस सावकाश मान वळवत होता, आणि त्या मानेत दमदार, संथ मोटर होती. मंडळाच्या गोदामात शेखरने कुंभकर्णाचा गळा कापला. अध्यक्षांनी हरकत घेतली नाही. पुढच्या वर्षी अंतराळयान होतं आणि अंतराळयानाला मान नसते.

ती मोटर डोक्यात बसवायला त्याने आतला अर्धा संसार बाहेर काढला. मग एक छोटं सर्किट जोडलं. ते मोटरला जरासा धक्का द्यायचं, थांबायचं, कॅमेऱ्याला फोटो काढायला सांगायचं आणि पुन्हा जरासा धक्का द्यायचं. एवढं करूनही चाकांचे दाते सैल होते, त्यामुळे दर थांब्याला मान दारू प्यायल्यासारखी डुलायची. त्यावर त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी एका बाजूने ताणून बांधली. मान कायम एकीकडे ओढलेली राहिली आणि डुलायची थांबली. शेखरला एवढा आनंद झाला की त्याने शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. शेजारी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर हलतच नाहीये." शेखरला ती शाबासकी वाटली.

आता ते डोकं कुठे लावायचं हे ठरलेलंच होतं. तेजस्विनीचं माहेर मखमलाबादच्या पुढे, मळ्यात. तिचे वडील पुंजाराम आणि आई अंबूबाई झेंडू आणि शेवंती पिकवायचे आणि फुलं गणेशवाडीच्या बाजारात पाठवायचे. दसरा जवळ आला होता, मळा नुसता केशरी झाला होता.

या मळ्याची एक गोष्ट मात्र घरात कोणी काढत नसे. अंबूबाईंचा उजवा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि पुढे तीन महिने शेताचं नाव काढायचं नाही असंही. पण फुलांच्या धंद्यात देवाधर्माला सुट्टी नसते. गणपती होऊ दे, मग बघू. नवरात्र आलंच तोंडावर. दिवाळीला शेवंती सोडून कसं चालेल? मग मार्गशीर्षातले गुरुवार, मग लग्नसराई, मग पुन्हा गणपती. दोन वर्षं हा गुडघा पंचांगाप्रमाणे पुढे ढकलला जात होता.

"तिला काय काम असतं?" पुंजाराम म्हणायचे. "दोन पाट्या फुलं तोडती आन् जरा इकडं-तिकडं चालती. चालल्यानं पाय मोकळा व्हतो. राबतो मी."

यावरून बापलेकीचं इतकं वाजलं होतं, की आता जेवताना तो विषय निघाला तर कोणी तरी लगेच पाणी मागायचं. शेखर त्यात पडत नसे. जावयाने सासऱ्याच्या घरी खावं, स्तुती करावी आणि निघावं, या मताचा तो होता.

पुंजारामांनी शूटिंगला आनंदाने परवानगी दिली. अट एकच घातली. "पाहुणे, फिलममधी शेतकरी दिसला पायजे."

"तुम्हीच दिसणार मामा," शेखर म्हणाला. सासऱ्याला तो मामा म्हणायचा आणि त्यांचं म्हणणं सहसा खोडायचा नाही.

पहाटे त्याने विहिरीच्या कठड्याजवळ तिवई रोवली. विहिरीपासून रस्त्यापर्यंत, संध्याकाळपर्यंत मान वळत जाईल असं लावून दिलं. पुंजाराम आले ते लग्नाला निघाल्यासारखे. पांढरा शुभ्र सदरा, कडक टोपी, आणि खांद्यावर फावडं. फावडं धुतलेलं होतं.

"मामा, हे सारखे फोटो काढत राहतं. तुम्ही रोजच्यासारखं काम करा."

"कळलं मला. लय व्हिडिओवाले पाहिलेत." आणि ते कॅमेऱ्याच्या नाकासमोर जाऊन फावडं मातीत रोवून, छाती काढून उभे राहिले. चार-पाच मिनिटं पापणी लवली नाही. मग त्यांच्या मते कॅमेऱ्याची नजर पुढे सरकली, तसे ते सुटले आणि आंब्याखालच्या बाजेवर जाऊन आडवे झाले. तासाभराने उठले, पुन्हा नाकासमोर गेले, पुन्हा छाती, पुन्हा बाज. लग्नाच्या व्हिडिओने या माणसाला शिकवलं होतं, की कॅमेरा समोर असेपर्यंत ताठ राहायचं आणि तो वळला की ढेकर द्यायला मोकळं. भिंग चांगलं रुंद आहे आणि कॅमेरा कुठेही बघत असला तरी अर्धा मळा त्यात मावतो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. शेखरला सांगायला तोंड उघडायला लागलं असतं.

शिवाय तो स्वतः कामात होता. म्हणजे यंत्रापाशी खुर्ची टाकून बसला होता. ट्यूबची पट्टी उन्हाने सैल पडते का, हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागत होतं. अंबूबाई अधूनमधून चहा आणत होत्या. मग पोहे आणले. मग पाणी. दुपारी मशीन तापतंय म्हणून शेखरने नुसतं "छत्री असती तर" म्हटलं, तर त्या घरी जाऊन छत्रीही घेऊन आल्या.

"मामी, तुम्ही कशाला?"

"असू द्या. मी उभीच हाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झेंडूत शिरल्या.

फिल्म तयार झाली तेव्हा शेखरने सगळ्यांना इंदिरानगरला बोलावलं. पुंजाराम टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसले. अंबूबाई सोफ्यावर, पाय लांब करून. शेखरने दिवे घालवले आणि सुरू केलं.

फिल्म खरोखर देखणी झाली होती. धुकं उचललं गेलं, ऊन मळ्यावरून पसरत गेलं, कॅमेरा लोण्यातून सुरी फिरावी तसा विहिरीपासून रस्त्याकडे वळत गेला. कुठेही धक्का नाही, कुठेही थरथर नाही. शेखरच्या अंगावर काटा आला.

"मी कुठंय?" पुंजाराम म्हणाले.

"होतात की आत्ता. गेलात."

"कुठं गेलो?"

पुन्हा लावलं. पांढरं काही तरी डोळ्यासमोर फडफडलं आणि नाहीसं झालं, टीव्हीवर डास बसून उडावा तसं. चार-पाच मिनिटांचं ताठ उभं राहणं पापणी लवेपर्यंत संपत होतं. तेजस्विनी हसली. मग ती जोरात हसली, कारण तिला आंब्याखालची बाज दिसली होती. ढग पळत होते, सावल्या फिरत होत्या, झेंडूचे ताटवे रिकामे होत होते. हलत नव्हते ते एक आंब्याचं खोड आणि दुसरे पुंजाराम. दिवसभर. मधेच टोपी तेवढी पोटावरून तोंडावर आली.

"आण्णा, तुमच्यामुळे फिल्मला स्थैर्य आलंय," ती बापाला म्हणाली.

"ते काढून टाका वो पाहुणे," पुंजाराम चिडून म्हणाले. "परत लावा बरं एकदा, अजून कुठं दिसतोय का बघू."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा कोणी हसलं नाही. पुंजाराम स्वतःला शोधायचं थांबले होते. मळ्यात एक हिरवं लुगडं सरीसरीने पुढे जात होतं. ते कुठेच थांबत नव्हतं असं पहिल्यांदा वाटलं होतं. ते थांबत होतं. सकाळी दोन-तीन सऱ्या झाल्या की खाली बसायचं आणि उठायचं. मग सरीच्या शेवटी बसायला लागलं. दुपारी सरीच्या मध्ये बसलं. संध्याकाळी तर ते दर चार झाडांमागे जमिनीला टेकत होतं, आणि उठायला पाटीचा आधार घेत होतं. एवढ्या वेगाने दाखवलं तेव्हा ते लपेना.

"लय येळा बसली का गं?" पुंजाराम टीव्हीकडे बघतच म्हणाले.

"मला नाय कळलं," अंबूबाई म्हणाल्या. "कोण मोजतंय?"

तेजस्विनीचा आवाज चढला. "आण्णा, बघताय ना? हिला काय काम असतं, हो ना?"

शेखर मनातून खूश झाला. दोन वर्षांत बायकोला जमलं नाही ते कुंभकर्णाच्या मोटरने केलं होतं. म्हाताऱ्याची बरी जिरली, असं त्याला वाटलं, आणि तो गंभीर तोंड करून सोफ्याला टेकला.

"तू नको टेकूस," तेजस्विनी त्याच्याकडे वळून म्हणाली. "ती मधेच सगळं सोडून सरळ कॅमेऱ्याकडे येते आणि परत जाते. ती वाट कोणाची रे?"

शेखरने बघितलं. हिरवं लुगडं पुन्हा पुन्हा भिंगाकडे येत होतं, चहाइतकं थांबत होतं आणि परत जात होतं. छत्रीच्या वेळी तर ते पार घरापर्यंत जाऊन आलं. मामांची बाज निदान लांब तरी होती, त्याची खुर्ची तर यंत्राला चिकटून होती. शेखरला टीव्ही बंद करावासा वाटला, पण रिमोट सासूबाईंच्या हातात होता. त्याला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

पुंजारामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पाहुणे, ही फिलम कुणाला दाखवू नका. दुसरी काढा."

"काढतो," शेखर म्हणाला, आणि मग जन्मात पहिल्यांदा सासऱ्याच्या तोंडावर बोलला. "दसरा झाला की मामींचं ऑपरेशन करून टाकू. त्या दवाखान्यात असताना काढतो. तेव्हा मळ्यात शेतकरी म्हणून तुम्हीच दिसाल, मामा. दुसरं कोणी मधे यायचं नाही."

पुंजाराम विचारात पडले. पश्चात्ताप किती आणि पडद्यावर दिसायची हाव किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"आन् शेवंती कोण तोडील?" अंबूबाई घाबरून म्हणाल्या. "दिवाळी हाय!"

"शेवंतीला काय लागतंय?" पुंजाराम म्हणाले. "मी हाय, पाहुणे हायेत."

पाहुण्यांनी मान डोलावली. आता दुसरं काही करायची सोय नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी तेजस्विनीने दवाखान्यात मोबाइल आईच्या हातात दिला. मळ्यातली नवी फिल्म होती. यंत्र एकटंच विहिरीपाशी उभं राहून मान वळवत होतं, त्याच्याकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. शेवंतीत दोन ठिपके होते, एक टोपीचा आणि एक टी-शर्टचा. टोपी अर्धी सरी करून बसत होती. टी-शर्ट त्याच्याही आधी बसत होता आणि मग आडवाच होत होता. आंब्याखालची बाज रिकामी होती, तिच्यापर्यंत जायचं त्राण दोघांत नव्हतं. मधेच एक ठिपका उठून खुरडत विहिरीकडे जायचा आणि परत यायचा.

आई पोट धरून हसेल असं तेजस्विनीला वाटलं होतं. अंबूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फिल्म दोनदा बघितली.

"त्यांना पाणी कोण देतंय गं?"

"कोणी नाही. जाऊन पितात स्वतःच."

"आन् चहा?"

"आण्णा करतात. गुळाचा. शेखर म्हणतो, जीव जाईल पण सांगता येत नाही."

"आन् फुलं? गेली का बाजारात?"

"गेली की. थोडी उशिरा, पण गेली."

अंबूबाईंनी मोबाइल पालथा छातीवर ठेवला. "असं बी चालतं व्हय," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना रागही आला होता, पण कोणाचा ते त्यांनाच नीट उमगत नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी पाय बघितला, समाधानाने मान हलवली आणि उद्या घरी जायला हरकत नाही म्हणाले.

अंबूबाईंनी मोबाइल लेकीच्या हातात दिला आणि उशी मानेखाली नीट सारून घेतली.

"काय घाई नाय डॉक्टर," त्या म्हणाल्या. "अजून चार दिस ऱ्हाते की."