पाळीचा निरोप आणि सहा अक्षरं

कालव्याला पाणी सुटायच्या आदल्या संध्याकाळी बन्सीधररावांच्या ओसरीवर चार मोबाईल ओळीनं मांडलेले असायचे. एक त्यांचा, एक पाणी सोडणाऱ्या पाटकरी महारुद्रचा, एक संस्थेच्या अध्यक्षांचा आणि चौथा, त्या वेळी जो कुणी चहाला आलेला सापडेल त्याचा. कारण अगदी साधं होतं. पाथरी तालुक्यातल्या त्यांच्या पाणी वापर संस्थेचे सभासद होते तीनशे साठ, आणि एका सिमवरून दिवसाला शंभरच मेसेज जात. चार फोन मांडले की काम भागायचं.

ही युक्ती बन्सीधररावांचीच. अकरा वर्षं ते संस्थेचे सचिव होते. कालव्यातून निघणाऱ्या कोणत्या चारीला कोणत्या दिवशी पाणी, कुणाच्या शेताला किती तास, हे ठरवायचं आणि सगळ्यांना कळवायचं काम त्यांचं. पूर्वी ते पाण्याच्या पाळीचा कागद मारुतीच्या पारावरच्या फळीला चिकटवत. खाली संस्थेचा गोल शिक्का असे. एकदा घाईत शिक्का मारायचा राहिला, तर लोकांनी त्यांना जेवणावरून उठवून आणलं आणि तो मारून घेतला. बिनशिक्क्याचा कागद गावात कुणी मानत नसे. मग मोबाईल आले, कागद बंद झाला, आणि शिक्का कपाटात जाऊन पडला.

बन्सीधररावांची सून योगिनी पाथरीला एका बँकेत नोकरीला होती. ओसरीवरचा हा बाजार बघून ती एकदा म्हणाली होती, "मामा, असं चार नंबरांवरून नका पाठवू. संस्थेचं नाव नोंदवून घ्या."

"ते कसलं?"

"आमच्या बँकेचा मेसेज येतो तेव्हा वर नंबर नसतो, बँकेचं नाव असतं. टेलिकॉम कंपनीकडे कागदपत्रं द्यायची, ती तपासून नाव मंजूर करते. मग ते नाव दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही."

"बँकेला लोक ओळखत न्हाईत म्हणून तिला नाव लागतं. मला वळखत न्हाई असा गावात कोण हाय?"

"तुम्हाला ओळखतात मामा. तुमच्या चार नंबरांना कुठं ओळखतात?"

महारुद्र फोनमधून डोकं न काढता म्हणाला, "वैनी, ते नाव इंग्रजीत असतंय. आपल्या लोकांना कुठं इंग्रजी येतंय?"

"ऐकलंस?" बन्सीधरराव हसले. "तू बँकेत इंग्रजी चालव. इथं आमाला चहा दे."

योगिनीनं चहा दिला आणि पुन्हा विषय काढला नाही. या गोष्टीला दोन वर्षं झाली.

शेवटच्या, चार नंबरच्या चारीवर कस्तुराबाईंचं दोन एकर रान होतं. नवरा वारल्यावर त्या एकटीनं ते करत. पंचावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गाला बसून त्या अक्षरं शिकल्या होत्या. तेव्हापासून दवाखान्याची चिठ्ठी असो की मोबाईलवरचा मेसेज, अक्षरावर बोट ठेवून, मोठ्यानं, स्वतः वाचत. दुसऱ्या कुणी वाचून देतो म्हटलं तर फोन मागं घेत.

त्या वर्षी त्यांनी सगळ्या रानात गहू पेरला होता. गव्हाचे दाणे भरायला लागले होते. या वेळचं पाणी चुकलं तर दाणा चिपाड होतो, हे काही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाळी मंगळवारी असल्याचा मेसेज शनिवारी संध्याकाळीच आला होता. सोमवारी सकाळी त्यांच्या फोनवर मेसेज आला. त्यांनी बोट ठेवून वाचला: चार नंबर चारीची पाळी मंगळवारी नाही, शुक्रवारी आहे. सचिव.

मानवतला दिलेली लेक, प्रियांका, तापानं पडली होती. तीन दिवस मोकळे मिळाले म्हणून कस्तुराबाई दुपारच्या एसटीनं मानवतला गेल्या.

मंगळवारी पाणी आलं. तो मेसेज चारीवरच्या बारा जणांना गेला होता, पण बाकीचे गावातच होते. चारी वाहताना दिसली तसे ते फावडी घेऊन धावले. कस्तुराबाईंच्या बांधावर कुणीच नव्हतं. पाळीला बांधावर माणूस नसेल तर पाणी पुढच्याला, हा संस्थेचा नियम. महारुद्रनं दोन हाका मारल्या आणि पाणी पुढं नेलं.

गुरुवारी सकाळी कस्तुराबाई परत आल्या. घरी पिशवी ठेवून त्या तशाच बन्सीधररावांकडे गेल्या.

"बन्सी, उद्या किती वाजता यावं रे रानात?"

"उद्या कशाला काकू? तुमची पाळी मंगळवारीच झाली. महारुद्र म्हणला, तुमी आलाच न्हाईत."

कस्तुराबाईंनी फोन काढून त्यांच्यापुढं धरला. बन्सीधररावांनी चष्मा लावला. मेसेज वाचला, नंबर वाचला, पुन्हा नंबर वाचला.

"हा मी पाठवलेला न्हाई काकू. कुणीतरी बदमाशी केली."

"मला कसं कळावं?"

"नंबर बघायचा की! हा काय माझा नंबर हाय?"

"थांब जरा." कस्तुराबाई फोनवर बोट फिरवत बसल्या. "मागल्या तीन पाळ्यांचे मेसेज मी पुसले न्हाईत. हे बघ. तिन्ही नंबर येगळे हायत. सांग, यातला तुजा कोणता?"

बन्सीधररावांनी पाहिलं. एक महारुद्रचा होता, एक अध्यक्षांचा. तिसरा कुणाचा ते त्यांना बराच वेळ आठवेना. मग आठवलं. मागच्या महिन्यात दुधाचे पैसे न्यायला आलेला मुंजाजी चहाला बसला होता, त्याचा.

"ठाण्यात जातो," ते म्हणाले. "आधी त्याला हुडकतो."

"हुडक बाबा. पण त्यानं केलं काय? तू जसा पाठवतोस तसाच त्यानं एक पाठवला. तुज्यात आन् त्याच्यात मला फरक दिसावा असं तू काय ठेवलंस?"

कस्तुराबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. आवाज चढवायची त्यांची रीत नव्हती.

"मला वाचता येत नव्हतं ना बन्सी, तवा मी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. वाचणारा समोर असायचा. त्याच्या तोंडाकडं बघून कळायचं, खरं सांगायलाय का थट्टा करायलाय. आता माजी मी वाचते. अक्षरं दिसतात, बोलणारं तोंड दिसत न्हाई. फळीवरच्या कागदाला तुजा शिक्का होता. ह्याला काय हाय?"

दारात उभी असलेली योगिनी आत वळली. दोन वर्षांपूर्वी आपण हेच सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. बन्सीधररावांना मात्र ते ऐकू आलंच!

"काकू," ते म्हणाले, "माझ्या विहिरीवरून पाइप टाकतो. आजच."

"पाणी घेते. आडमुठेपणा करून माजा गहू मी कशाला वाळवू? पण पाणी घेतलं म्हणून मी गप बसंल असं वाटत असंल तर पाइप नको. पुढल्या पाळीला मेसेज आला तर तो तुजाच हाय, हे मला कळलं पाहिजे. मला आन् सगळ्यांना."

दुपारी बन्सीधररावांनी स्वतः पाइप जोडले. गावातून मागून आणलेले धरूनही ते एक एकरापर्यंतच पोचले. पलीकडचा एक एकर तसाच राहिला. पुढचे पंधरा दिवस ते त्या वाटेनं जात तेव्हा अलीकडचा गहू हिरवा आणि पलीकडचा पांढरा पडत चाललेला त्यांना रोज दिसे. ठाण्यात अर्ज दिला होता. तो नंबर बंद लागत होता.

पाइप टाकून आले त्या संध्याकाळी ते सुनेला म्हणाले, "ते नाव नोंदवायचं काय म्हणाली होतीस?"

"आधी चहा देते मामा," योगिनी म्हणाली, आणि हसली.

काम वाटलं तेवढं अवघड निघालं नाही, पण फुकटात झालं असंही नाही. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन कार्ड आणि सचिवाला अधिकार दिल्याचं पत्र टेलिकॉम कंपनीच्या वेबसाइटवर भरावं लागलं. पहिला अर्ज परत आला, कारण अधिकारपत्रावर जुन्या अध्यक्षांची सही होती. बन्सीधरराव चिडले. "संस्था आमची, सचिव मी, आन् ह्यांना सही पटेना?"

"मामा, तुमचेच कागद इतके तपासले, म्हणजे उद्या दुसरा कुणी तुमचं नाव मागायला गेला तर त्यालाही असंच परत पाठवतील ना?"

यावर बन्सीधररावांनी मुकाट्यानं नवीन पत्र लिहून घेतलं. संस्था मंजूर झाली, मग नाव मंजूर झालं. मेसेजची वाक्यंही आधी मंजूर करून घ्यावी लागली. चारी, तारीख आणि वेळ एवढंच दरवेळी बदलायचं. पाठवायचं कामही आता मान्यता असलेल्या कंपनीमार्फत. ओसरीवर फोन मांडायची गरज उरली नाही.

मग सभासदांची बैठक झाली. गोदापाणी हे संस्थेचं नाव आखूड करून मंजूर झालेली सहा इंग्रजी अक्षरं योगिनीनं फळ्यावर मोठी काढली. महारुद्रनं जुनाच प्रश्न काढला. "बन्सीनाना, आपल्या बायामाणसांना हे वाचता येणार हाय का?"

कस्तुराबाई मागून म्हणाल्या, "महारुद्रा, सहाच हायत ना? मी पंचावन्नाव्या वर्षी अख्खी बाराखडी शिकले. तुला येत नसतील तर ये माज्याकडं, शिकवते."

बैठक हसली. महारुद्रही हसला. कस्तुराबाईंनी ती अक्षरं कागदावर उतरवून घेतली आणि घरी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं काढली. पारावरच्या जुन्या फळीवरही ती रंगवली. खाली बन्सीधररावांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: ही अक्षरं वर नसतील तर तो निरोप संस्थेचा नाही.

पुढचं पाणी सुटायच्या आदल्या दिवशी सकाळी मेसेज आला. वर सहा अक्षरं होती, पुढंमागं कंपनीच्या एकदोन खुणा. दुपारी पाचसहा जणांच्या फोनवर आणखी एक मेसेज आला: पाळी रद्द झाली आहे. सचिव.

पारावर कुजबुज सुरू झाली. बन्सीधरराव तिथंच होते. ते तोंड उघडणार तेवढ्यात कस्तुराबाई आल्या. त्यांनी फोन लांब धरला, बोट सगळ्यात वर ठेवलं आणि म्हणाल्या, "इथं नंबर हाय. आपली सहा अक्षरं न्हाईत. आपला न्हाई हा." फोन पिशवीत टाकून त्या फावड्याला दांडा बसवायला सुताराकडे निघून गेल्या. बाकीचेही उठले.

पाळीच्या दिवशी चार नंबर चारीच्या प्रत्येक बांधावर माणूस हजर होता. कस्तुराबाईंच्या निम्म्या गव्हाला ते पाणी कामी आलं. उरलेला निम्मा गेला तो गेलाच. सुगीला त्यांच्या अंगणात रास निम्मी पडली, तेव्हा बन्सीधरराव तिथं बसून म्हणाले, "काकू, गाव मला वळखतं, या घमेंडीत मी राहिलो. तुमचा एक एकर माझ्यामुळं गेला."

"आता पुढल्या वर्षी पुरा पिकवू," कस्तुराबाई म्हणाल्या. "सुपडं धर तिकडनं."

मंडळी, आपल्यापैकी कुणी शाळेचा निरोप पाठवत असेल, कुणी दवाखान्याचा, कुणी एखाद्या संस्थेचा. ऐकणारा आपल्या शब्दावर रान, घर, लेकरू सोडून देतो. अशा वेळी मी खरा आहे एवढं पुरत नाही. तो खरेपणा समोरच्याला ओळखता आला पाहिजे, आणि ती सोय करून देणं हे निरोप पाठवणाऱ्याचं काम आहे. आपलं नाव रीतसर नोंदवा. आणि निरोप आला की आधी तो कुणाचा आहे ते बघा, मग काय आहे ते वाचा.