सुईचं हरवलेलं टोक

मित्रांनो, मी लांब हाताची एक जुनी रजई-मशीन आहे. जुनी म्हणालात तर मला राग यायचा नाही. वय झालंय, ते कशाला लपवू? भंगार मात्र म्हणू नका. माझ्या अंगाला अजून गंजाचा ठिपका नाही, आणि माझ्यासारखा टाका घालणारी दुसरी आणून दाखवा, मग बोलू.

तुमच्या घरची शिलाई मशीन तुम्ही पाहिली असेल. ती जागेवर बसते आणि कापड तिच्याकडे जातं. माझं उलटं आहे. खालचं कापड, मध्ये कापूस आणि वरचं कापड असा तीन पदरी थर दोन रुळांवर ताणून बसतो, आणि मी रुळांमधून त्याच्यावर हिंडते. हिंडता यावं म्हणून माझा हात इतका लांब की त्याच्याखाली एखादं माणूस आडवं झोपेल.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंड ओतलं, घासलं, रंगवलं. शेवटी एका तपासनिसाने पांढऱ्या कापडावर माझ्याकडून टाके घालून घेतले, कापड उजेडात धरलं आणि म्हणाला, "हिला जाऊ दे." माझं पहिलं कौतुक ते एवढंच. पण अजून लक्षात आहे.

मी ज्या घरी आले तिथे दोन जावा होत्या. मला आणलं थोरलीने. तळमजल्यावरच्या एका खोलीत मला मांडलं, तर माझ्या चौकटीमुळे दार अर्धंच उघडू लागलं. थोरली अंगाने भरलेली. तिला दारातून आडवं होऊन, श्वास रोखून आत यावं लागे. पण मशीन सरकवा असं ती कधी म्हणाली नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आधी पोट कमी करा, मग माझ्या खोलीत या."

आम्ही फक्त तान्ह्या बाळांचं सामान करायचो. गाद्या, दुपटी, लाळेरी, पाळण्याच्या कठड्याला बांधायच्या मऊ पट्ट्या. थोरली माझ्या दोन्ही मुठी धरून मला कापडावर फिरवायची. शाळा तिने दोन-तीन वर्षांपलीकडे पाहिली नव्हती. तरी कापसाला बोट लावलं की तो कुठे दाट, कुठे विरळ, ते तिला कळे. तिच्या हाताखाली मी पानं काढली, ढग काढले, बदकं काढली. बदकांच्या चोची थोड्या वाकड्या यायच्या, पण बाळांची कधी तक्रार आली नाही.

तिचा एक नियम होता, आणि तो तुम्ही नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. सुई तुटली की काम थांबायचं. तुटलेले सगळे तुकडे शोधायचे, काळ्या पुठ्ठ्यावर एकाला एक जोडून चिकटपट्टीने चिकटवायचे. सुई पुरी दिसली की मगच पुढचा टाका. एक तुकडा कमी असेल तर ते कापड कापसासकट फाडून बाजूला. "बाळाला बोलता येत नाही," ती म्हणायची. "टोचलं तर ते नुसतं रडणार, आणि सगळे म्हणणार भूक लागली."

पुढे थोरलीच्या डोळ्यांवर सारा आला, सगळं धूसर दिसू लागलं. मग माझ्या बाजूला कॉम्प्युटर बसवला आणि तो चालवायला आली धाकटी जाऊ. ती शिकलेली, हुशार, हळू बोलणारी. पडद्यावर ती चित्र निवडायची, मला कापडाच्या चार कोपऱ्यांवर नेऊन 'इथून इथपर्यंत' असं दाखवायची, बटण दाबायची, आणि मी कोणी न धरता चालू लागायची. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला तो कॉम्प्युटर आवडला नाही. एवढी वर्षं माणसाच्या हाताने चालले आणि आता हा डबा मला वळायला सांगणार? पण आठ गाद्या एका ताणलेल्या कापडावर शेजारी शेजारी, सगळ्या हुबेहूब सारख्या. असं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. चोची सरळ आल्या. मी फुगले.

धाकटीकडून पहिल्याच महिन्यात एक सुई तुटली. तुकडे सगळे मिळाले, पुठ्ठ्यावर लागले. तिथे विषय संपायला हवा होता. पण थोरलीच्या तोंडाला लगाम नव्हता. कापड घ्यायला आलेल्या बायकांसमोर ती म्हणाली, "शिकलेल्या हातांना सुई जड जाते बरं का."

बायका हसल्या. मग तेच वाक्य जेवताना, तेच धाकटीच्या नवऱ्यासमोर, तेच नणंद आली तेव्हा. धाकटी हसण्यावारी न्यायची. माझ्या मुठीवरचा तिचा हात मात्र गार पडायचा, ते मला कळायचं. खरं सांगते, मलाही त्या टोमण्याची गंमत वाटली होती.

एकदा दवाखान्यातल्या सिस्टरने आठ गाद्या सांगितल्या. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, तळहातापेक्षा थोड्याच मोठ्या बाळांसाठी. थोरलीने कापड स्वतः धुतलं, कडेने टाचण्या लावल्या आणि दुपारी सूत आणायला बाजारात गेली. धाकटीने एकेका गादीचे कोपरे दाखवले. त्यातला एक कोपरा तिने दोन बोटं बाहेर दाखवला. बाहेर म्हणजे टाचण्यांवर. मी काय, सांगितलं तिथे जाणारी. गेले, टाचणीवर आदळले आणि सुई तुटली.

दांडा माझ्यातच राहिला. मधला तुकडा कापडावर पडला होता. टोक मिळेना.

धाकटीने लोहचुंबक फिरवला. कापडावर वरवर आणि फरशीवर सगळीकडे. गुडघ्यांवर बसून माझ्या चाकांखाली पाहिलं. मग ती उठली आणि त्या गादीकडे बघत राहिली. ती गादी फाडली असती तर आठच्या सात झाल्या असत्या, आणि सात का, हे सांगावं लागलं असतं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. तिने जुन्या मोडक्या सुयांच्या डबीतून एक टोक उचललं, पुठ्ठ्यावर आपल्या तुकड्यांना जोडलं आणि वर चिकटपट्टी दाबली. सुई पुरी झाली.

आता माझं ऐका. कॉम्प्युटरला टाका जिथे थांबला ती जागा आठवते. नवी सुई लावली की तो मला बरोबर तिथेच नेतो, आणि मी पुढे अशी शिवते की जोड कोणाच्या बापाला सापडू नये. त्या दिवशीही मी तेच केलं. इतकं बेमालूम, की गाद्या कापून, कडा दुमडून झाल्यावर कुठली तुटलेल्या सुईची, हे धाकटीलाही सांगता आलं नसतं. एक टाका वाकडा घातला असता, दोरा मध्येच गुंतवला असता, तर निदान खूण तरी राहिली असती. पण मला माझ्या कामाची घमेंड. मी सफाईने शिवलं.

थोरली आत आली. पुठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "तुटली का? बरं. सगळी आहे ना?"

"आहे ताई."

गाद्या गेल्या.

दोन आठवड्यांनी तो पुठ्ठा भरला म्हणून थोरलीने तो भिंतीवरून उतरवला. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून सवयीने एकेका सुईवरून अंगठा फिरवत होती. एका ठिकाणी अंगठा थांबला. मागे गेला, परत आला.

"धाकटे, इकडे ये."

"आले, ताई."

"हे टोक कुठल्या सुईचं?"

"त्याच सुईचं."

"गादीची सुई जाड. हे टोक लाळेऱ्याच्या बारीक सुईचं आहे. माझे डोळे गेलेत, बोटं शाबूत आहेत."

धाकटी खाली बसली. स्टुलावर नाही, फरशीवरच. "मिळालं नव्हतं," ती म्हणाली.

"कुठल्या गादीत?"

"मधली कुठलीतरी. तिसरी, नाहीतर चौथी. आता ओळखू येणार नाही."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

धाकटीने वर पाहिलं. "तुम्हाला?"

एवढंच म्हणाली. थोरली पुठ्ठा तसाच हातात धरून गेली आणि तिने सिस्टरला फोन लावला.

सिस्टर तासाभरात पिशवी घेऊन आली. पिशवीत गाद्या सात. "बाळं झोपलेली होती, त्यांच्या अंगाखालून काढून आणल्यात," ती म्हणाली. "मला आधी काय ते सांगा."

थोरलीने सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मग एकेक गादी माझ्या रुळावर पसरली, दोन्ही तळव्यांनी दाबली, उलटी करून दाबली आणि शेवटी आपला गाल तिच्यावर जोराने घासला. तळव्याची कातडी कामाने जाड झालेली, गालाची नाही. सातही गाद्यांवर तिने तसं केलं. एकाही गादीने तिला ओरखडा दिला नाही. गाद्या स्वच्छ निघतात आणि माणूस रडायला लागतं, असं मी प्रथमच पाहिलं.

"आठवी?" धाकटीने विचारलं.

सिस्टर म्हणाली, "एका मुलीला त्या गादीशिवाय झोप लागेना. घरी जाताना मीच देऊन टाकली. त्याला अकरा दिवस झाले."

तिघी तशाच निघाल्या. पुढचं मी पाहिलेलं नाही. परत आल्यावर दोघी जावा माझ्यापाशी बसून जे बोलल्या, त्यातून कळलं ते सांगते.

ती मुलगी दहा दिवस रडत होती. घरचे म्हणाले पोट दुखतंय. शेजारीण म्हणाली, लाडावलीय. मग तिने एक पाय हलवणं बंद केलं, तेव्हा आई तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. आमच्या बायका तिथे पोहोचल्या तेव्हा कशाने झालं ते कोणालाच कळत नव्हतं. धाकटीने सांगितल्यावर एक्स-रे काढला. टोक खुब्याच्या सांध्यात होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. ते काढलं, पण सांधा तोवर आतून पिकला होता. मुलगी जगली. चालेल, पण लंगडत, असं डॉक्टर म्हणाले.

तिच्या आईने आरडाओरडा केला नाही. धाकटीकडे बघून एकच विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?"

धाकटी हो म्हणाली.

त्यानंतर आमच्याकडे काम येईना. थोरलीने कोणापासून लपवलं नाही. दुकानदारांना स्वतः जाऊन सांगितलं. धाकटीला मात्र ती एक शब्दही लागेलसं बोलली नाही, आणि मित्रांनो, ती गप्पगार खोली मला त्या टोमण्यांपेक्षा जड गेली. एकदाच, माझ्या मुठी पुसताना, ती धाकटीला म्हणाली, "तुला सुईपेक्षा माझी भीती जास्त होती. असं घर मी केलं." धाकटीने तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली मूठ स्वतः पुसली. दोघींमध्ये समेट म्हणावा असा तेवढाच.

अशी काही वर्षं गेली. मागच्या वर्षी एकजण मला विकत घ्यायला आला. शिवणकामातला जाणता माणूस. मला चालवून पाहिलं, टाका भिंगाखाली धरला आणि खूश झाला. "मशीन चांगली सांभाळलीत," तो म्हणाला. "मग विकता का?"

थोरली आतल्या खोलीत होती. धाकटीला काहीही सांगता आलं असतं. जागा नाही, माणसं नाहीत, वय झालं. ती म्हणाली, "हिच्यात दोष नाही. माझ्या हातून हिची सुई तुटली होती, टोक मिळालं नाही, आणि ते मी लपवलं. एक मुलगी अधू झाली." आणि मग सगळं, कोपऱ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, उभ्याउभ्या सांगितलं.

माणसाने भिंग खिशात ठेवलं. "विचार करून कळवतो," म्हणाला. दारातून आडवा होऊन बाहेर पडला आणि त्याने काही कळवलं नाही.

तेव्हापासून मी चादरीखाली आहे. धाकटी मधून मधून तेल घालते. मी चालत नाही, तरी घालते.

मित्रांनो, मशीनला तेल घाला, धूळ पुसा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी दुसरं सांगते. तुमच्या हातून काही तुटलं, हरवलं, चुकलं, तर ते झाकायला दुसरा तुकडा शोधू नका. आणि उद्या तुम्ही घरात मोठे व्हाल, कोणीतरी घाबरत तुमच्यापाशी तुटलेलं काही घेऊन येईल, तेव्हा तोंड मिटा आणि हात पुढे करा. ती मुलगी आता तुमच्याएवढीच असेल. कुठल्यातरी शाळेच्या पायऱ्या कठडा धरून, एक पाय मागे ठेवत चढत असेल. तुमच्यापैकी कोणाचं काही सांगायचं राहिलं असेल, तर माझी गोष्ट इथेच सोडा. उठा, आणि आधी ते सांगून या.