शनिवारी शिंग फुंकत नाहीत

रूबेन वाकरूळकरांना नवे दात आषाढात बसले. वरची कवळी, खालची कवळी, मिळून अठ्ठावीस. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला एवढे दात लागत नाहीत, पण संच म्हटला की तो पुरा घ्यावा लागतो. त्यांनी चणे खाऊन पाहिले, मक्याचं कणीस खाऊन पाहिलं, बायकोवर, म्हणजे सिपोराबाईंवर, दात-ओठ खाऊन पाहिले. सगळं उत्तम जमलं. जमेना ते फक्त शिंग.

ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, नव्या वर्षाला मेंढ्याचं शिंग फुंकतात. त्याला शोफार म्हणतात. वर्षभर झोपलेलं मन त्या आवाजाने जागं व्हावं, असा त्यामागचा हेतू. गेली पन्नास वर्षं ते शिंग रूबेनकाका फुंकत होते आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील, हेच शिंग. पूर्वी फुंकायला शिकलेले चार-पाच जण तरी असत, पण ते एकेक करत इस्राएलला गेले. तिथे शिंग फुंकणाऱ्यांचा काही तुटवडा नव्हता. इथे मात्र उरलेला एकुलता एक माणूस ठाकुर्लीला दुसऱ्या मजल्यावर न्हाणीघराचं दार लावून उभा होता, आणि शिंगातून आवाज येत होता तो फुस्स.

रोज सकाळी अर्धा तास फुस्स. पाचव्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात धाकूशेठ.

धाकूशेठ म्हणजे जागेचे मूळ मालक. इमारत उभी आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. बिल्डरने शेत घेतलं आणि बदल्यात धाकूशेठना अख्खा पहिला मजला दिला. इमारतीतल्या प्रत्येक नळाची आणि वायरची काळजी त्यांनी आपण होऊन घेतली.

"काका, गॅस लीक हाय का? चवथ्या माल्यावरनं फोन आला मना. बोलतान, पाइपातनं हवा जाते."

"गॅस नाही हो धाकूशेठ."

"मंग काय वाजतंय?"

"वाजत नाहीये, हीच तर अडचण आहे," सिपोराबाई आतून म्हणाल्या. "दाखवा त्यांना. त्यांना कळेल त्यातलं."

कळणारच होतं. धाकूशेठ तीस वर्षं गावदेवीच्या आरतीला शंख फुंकत होते. त्यांनी शिंग हातात घेतलं, उलटंपालटं केलं, पण तोंडाला लावलं नाही. दुसऱ्याच्या देवाची वस्तू. नुसतंच म्हणाले, "फुका बघू."

रूबेनकाकांनी फुंकलं. फुस्स.

"तुमी मधून फुकताव. मधी नवे दात हायत, ते अजून तुमच्यात मिसळले नायत. माझा बा शेवटची आठ वर्सं बोळका होता. ओठाच्या कोपऱ्यातनं फुकायचा, एक बोट गालावर असा दाबून. दात काढा आनि फुका कोपऱ्यातनं."

दात काढून, कोपऱ्यातून, बोट गालावर. पहिल्याच फटक्याला असा आवाज निघाला की खाली पार्किंगमध्ये एका गाडीचा अलार्म सुरू झाला.

"झाला काम," धाकूशेठ म्हणाले.

"कसलं झालं? सिनेगॉगमध्ये दात काढून उभा राहू? तिथे बायका असतात, धाकूशेठ."

"मावशी तर घरात पन असतात."

"ती सवयीची आहे."

सिपोराबाई चहा ठेवायला वळल्या. चहा मात्र दोनच कप आला, आणि दोन्ही कप धाकूशेठच्या पुढ्यात ठेवले गेले.

शेवटी तोड निघाली. दात तोंडातच ठेवायचे, पण फुंकायचं कोपऱ्यातून. महिनाभर, शनिवार सोडून, रोज सकाळी धाकूशेठ नळ बघण्याच्या निमित्ताने वर यायचे आणि शिकवणी व्हायची. महिन्याच्या शेवटी प्रगती अशी होती की पाचात दोन वेळा आवाज निघायचा आणि तीन वेळा गॅस लीक व्हायचा. पाचात दोन म्हणजे चाळीस टक्के. रूबेनकाका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. तिथे चाळीस टक्क्यांना पास म्हणत.

म्हणून सिनेगॉगच्या मुकादमाचा, इसहाक नवगावकरचा फोन आला तेव्हा त्यांनी ठणकावून सांगितलं. मुकादम म्हणजे तिथला कारभारी. पन्नाशीचा, शांत आणि सदा चिंतेत.

"अंकल, ऐकलं की दात नवे बसवलेत. मुंबईहून कुणाला बोलावून ठेवू का, नुसतं हाताशी?"

"दात मी जेवायला बसवलेत, इसहाक. शिंग ओठांनी फुंकतात."

"नक्की ना? कल्याण-डोंबिवलीच्या म्हाताऱ्या बायका केवळ त्या आवाजासाठी येतात. गुडघे धरून येतात बिचाऱ्या."

"नक्की."

मुंबईचा माणूस त्या एका शब्दावर रद्द झाला. शब्द चाळीस टक्के होता, हे इसहाकला ठाऊक नव्हतं.

सिपोराबाईंच्या ओट्यावरच्या कॅलेंडरवर सणाच्या तारखेभोवती लाल गोल होता. रूबेनकाका रोज सकाळी एक दिवस खोडत आणि उरलेले मोजत. आठवडा उरला तेव्हा त्यांनी धाकूशेठना आमंत्रण दिलं.

"सणाच्या पहिल्या दिवशी या, सकाळी. तुमच्यामुळे वाजणार, तुम्ही ऐकायला पाहिजे."

"एकटाच येऊ?"

"घरच्यांना आणा की."

शुक्रवारी दुपारीच काका-काकू ठाण्याला चरईत मेहुणीकडे मुक्कामाला गेले. तिथून सिनेगॉग चालत जाण्यासारखं. संध्याकाळी दिवे लागले, फोन बंद होऊन कपाटात गेले. मधात बुडवलेलं सफरचंद, खजूर, डाळिंब, भोपळा, सगळ्यांवर आशीर्वाद म्हणून झाले. रूबेनकाका हातांची बोटं मोडत बसले होते.

"उद्या नीट आराम करा," सिपोराबाई म्हणाल्या. "शिंग परवाच आहे."

"परवा का?"

"उद्या शब्बाथ नाही का?"

रूबेनकाकांनी घास तसाच ठेवला. सण शनिवारी आला तर त्या दिवशी शिंग फुंकत नाहीत, दुसऱ्या दिवशी फुंकतात. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या मावळतीपासून शनिवारच्या मावळतीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस; त्यात शिंगाला काय, फोनलाही हात लावायचा नाही. हा नियम पन्नास वर्षं मंडळींना कोण सांगत आलं होतं, तर रूबेन वाकरूळकर. यंदा त्यांनी दिवस मोजले, वार बघितला नाही.

"तू बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. इतरांना तुम्हीच सांगता."

त्यांना पहिल्यांदा वाटलं ते असं, की सुटलो. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा धाकूशेठ आठवले. नंबर फोनमध्ये, फोन कपाटात, आणि शब्बाथ उजाडलेला नव्हे, मावळतीलाच लागलेला.

"येतील आणि बसतील," सिपोराबाई म्हणाल्या. "दारात गाठून सांगा."

दारात गाठणं जमलं नाही. धाकूशेठची गाडी माजिवड्याला पाऊण तास अडकली आणि ते पोचले तेव्हा आत सगळे उभ्याने मुकी प्रार्थना म्हणत होते. तिच्या मध्ये बोलायचं नसतं, हलायचंही नसतं. रूबेनकाकांना मागे काय चाललंय ते फक्त ऐकू आलं. फाटकावरचा पोलीस कुणाला तरी विचारत होता, "सगळे एकाच घरचे?" आणि धाकूशेठ म्हणत होते, "सगळे."

घरचे म्हणजे सतरा जण. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. सिनेगॉगमध्ये डोकं झाकावं लागतं, पण यांना टोप्या द्यायची वेळच आली नाही. मागच्या तीन बाकांवर ते ओळीने बसले, तेव्हा त्या दिवशी सिनेगॉगमधली सर्वांत भाविक मंडळी तीच दिसत होती. पुढचे अडीच तास त्यांनी हिब्रू ऐकलं. लोक उभे राहिले की उभे राहिले, बसले की बसले. एक म्हातारी रडली तेव्हा त्यांच्यातल्या दोघांनी डोळे पुसले.

प्रार्थना संपली. अंगणात धाकूशेठनी गाठलंच.

"वाजला का, काका? मी पापनी पन लवू दिली नाय, तरी मना ऐकाया आला नाय."

रूबेनकाकांनी सगळं सांगितलं. शब्बाथ, नियम, कॅलेंडर, कपाटातला फोन.

"म्हंजे आज वाजनारच नव्हता."

"नाही."

"मी या लोकांना मधी दोनदा जागा केला," धाकूशेठ शांतपणे म्हणाले. "सांगितला, आता वाजल."

रूबेनकाकांना सिनेगॉगच्या अंगणातली फरशी उचलून खाली जावंसं वाटत होतं. पण तेवढ्यात इसहाक आला. त्याला फक्त इतकंच कळलं होतं की अंकलचे ठाकुर्लीचे सतरा पाहुणे आहेत आणि ते उपाशी उभे आहेत. त्याने त्यांना पंगतीला बसवलं. बायकांनी नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा साठ जणांचा केला होता आणि प्रार्थनेला आले होते चौतीस. दरवर्षी उरलेला हलवा डब्यांत भरताना बायका एकमेकींकडे बघायच्या नाहीत. गेलेल्यांपैकी कुणाच्या वाटणीचा उरला, ते सगळ्यांना माहीत असायचं. यंदा पातेलं निपटून पुसलं गेलं. वाढणाऱ्या बायकांचे चेहरे बघून इसहाकची सदाची चिंताही तासभर कुठेतरी फिरायला गेली.

"उद्या मी येतो," निघताना धाकूशेठ म्हणाले. "एकटाच. मंगळवारी गणपती हायत, पोरांना मखर करायचाय."

"एक लक्षात ठेवा," रूबेनकाका म्हणाले. "एकदा आशीर्वाद म्हटला की शिंग पुरतं संपेपर्यंत मला एक शब्द बोलता येत नाही. काही चुकलं तरी मी सांगू शकणार नाही."

"मी तरी कुठं बोलनारेय."

रविवारी धाकूशेठ आले ते तेवीस जणांना घेऊन. हलव्याची बातमी ठाकुर्लीभर गेली होती, आणि मखर म्हणे दुपारनंतरही होतो.

शिंगाची वेळ झाली. रूबेनकाका शाल डोक्यावर घेऊन पुढे गेले. बायकांच्या बाजूला गुडघे धरून आलेल्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आशीर्वाद म्हटले. दुसरा आशीर्वाद आभाराचा. आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस, या वेळेपर्यंत आणून पोचवलंस. आयुष्यभर तो त्यांनी तोंडपाठ म्हटला होता. आज अर्थासकट म्हटला, कारण या वेळेपर्यंत पोचायला काय काय लागतं ते नुकतंच कळलं होतं.

इसहाकने पुकारलं, "तकिया." म्हणजे एक लांब, सरळ फुंक.

रूबेनकाकांनी शिंग ओठाच्या कोपऱ्याला लावलं. फुस्स.

सिनेगॉगमध्ये पंखा ऐकू यायला लागला. इसहाकने पुन्हा हळूच पुकारलं. पुन्हा फुस्स. वरची कवळी तेवढी अर्धा इंच पुढे आली. इसहाकचा चेहरा मुंबईच्या दिशेला वळला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांनी ती वाट बघत राहिली.

बोलता येत नव्हतं, विचारताही येत नव्हतं. रूबेनकाकांनी मागे पाहिलं. तिसऱ्या बाकाशी धाकूशेठ उभे होते. त्यांनी एक बोट गालावर दाबलं. मग दुसऱ्या हाताची चिमूट तोंडाशी नेऊन बाहेर ओढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकल्यासारखं केलं. त्यांच्यामागे तेवीस जणांनी, त्यांचं बघून, तसंच केलं. हा पूजेचाच भाग असावा असं त्यांना वाटलं.

रूबेनकाकांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. सिपोराबाईंनी मान हलवली. होकाराची हलवली की कंटाळून, ते एवढ्या लांबून कळणं कठीण होतं. त्यांनी ती होकाराची धरली.

मग पन्नास वर्षं जिथे ताठ उभे राहिले त्या जागी रूबेन वाकरूळकरांनी, सगळ्यांदेखत, आधी वरची कवळी काढली, मग खालची. दोन्ही रुमालात ठेवून रुमाल इसहाकच्या हातात दिला. इसहाकने तो दोन्ही हातांत धरला. दुसरं काय करायचं असतं ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. गाल आत गेले, हनुवटी नाकाला भेटायला आली. चेहरा हुबेहूब वडिलांचा झाला. हे सिपोराबाईंना दिसलं. सासऱ्यांना त्यांनी असंच फुंकताना पाहिलं होतं.

त्यांनी बोट गालावर दाबलं.

आवाज निघाला. लांब, सरळ, जराही न चिरफाळलेला. मग तीन तुटक, मग नऊ बारीक, मग पुन्हा लांब. इसहाक पुकारत गेला, रूबेनकाका फुंकत गेले, एकदाही गॅस लीक झाला नाही. शेवटची फुंक सर्वांत लांब धरायची असते. ती त्यांनी इतकी धरली की गुडघे धरून आलेली एक म्हातारी गुडघे सोडून टाळ्या वाजवायला लागली आणि शेजारणीने तिचे हात धरले. मागच्या बाकांवर कुणी टाळी वाजवली नाही. तेवीस जण हात जोडून उभे होते.

प्रार्थना संपल्यावर रूबेनकाका कुणाशी न बोलता तडक अंगणात आले. दात अजून इसहाककडेच होते आणि इसहाकला आत चार बायकांनी अडवून धरलं होतं. धाकूशेठ पिंपळाखाली चपला शोधत होते.

रूबेनकाकांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बोलायला सुरुवात केली. खूप बोलले. त्यातलं बरंचसं वाऱ्यावर गेलं, कारण त्याला अडवायला तोंडात काहीच नव्हतं.

"काका, आधी दात घाला. मना काय समजत नाय."

रूबेनकाका थांबले नाहीत. राहिलेलं होतं ते सगळं बोलले, वडिलांचं, शिंगाचं, महिनाभराच्या सकाळींचं. धाकूशेठ एका पायात चप्पल घालून, दुसरी हातात धरून, मान खाली घालून ऐकत राहिले.

"बरा," दुसरी चप्पल पायात सरकवत ते म्हणाले. "आता समजला."