हलणाऱ्यांना जागा नाही

क्रेमरबाख नावाचा जर्मन फोटोग्राफर कॅमेऱ्याचा डोळा एकदा उघडला की अर्धा-अर्धा तास मिटू देत नसे. तेवढ्यात जो हलला त्याचा धूर झाला. उरायच्या त्या भिंती नि खांब. लाइपझिगची स्टेशनं, बर्लिनचे पोहण्याचे तलाव असं करत त्यानं निम्मी पृथ्वी ओस पाडली, आणि जग त्याला थोर कलावंत म्हणू लागलं. एका भरल्या बाजारातून म्हणे फक्त झोपलेलं गाढव तेवढं उमटलं, आणि तोच फोटो सगळ्यात गाजला.

हे सौदीतल्या अल खर्जच्या कंपाउंडात कुणाला ठाऊक? डेअरीतल्या गुरुनाथ इंजिनिअरची बायको अलका दिवाळीच्या सकाळी दारात रांगोळी काढत होती, तेव्हा समोर त्याचा कॅमेरा लागला. तिनं पदर सारखा केला, हात चालू ठेवला आणि आपण फोटोत आहोत हे पार नाशिकपर्यंत कळवलं.

पुढे जेद्दाला, बलद या जुन्या पेठेतल्या एका घरात प्रदर्शन भरलं. अलका गुरुनाथला आणि मैत्रिणीला, किशोरीला, ओढतच घेऊन गेली. फोटो एवढा की उंटांचा तांडा आत शिरावा. दार होतं, उंबरा होता, ठिपके ठळक, रेघा पुसट. अलका नव्हती.

"रांगोळी अर्धीच टाकलीस होय गं?" किशोरी म्हणाली.

अलकाच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं क्रेमरबाखला गाठून इंग्रजीत जाब विचारला.

"मी कुणाला पुसत नाही, मॅडम. तुम्ही हललात."

"मग हात न हलवता रांगोळी तुमच्या आजीनं काढली असती का?"

"माणसं गेली की जागा बोलू लागते."

"आणि ती झाडली कुणी, ते नाही बोलत? म्हणजे राबणारी दिसायची नाही, आयती उभी भिंत दिसायची, आणि वर कला म्हणून टांगायचं."

"अगं, खलास कर आता," गुरुनाथ कुजबुजला. "मोठा माणूस आहे."

"अहो, तुम्ही चहा प्या जा."

तेवढ्यात क्रेमरबाखनं दालनाचाच फोटो घ्यायला कॅमेरा लावला. अलकानं रखवालदाराची खुर्ची ओढली, फोटोतल्या आपल्या उंबऱ्यापुढे मांडली आणि बसली. नाकावर माशी बसली. सासूबाईंचा फोन वाजून वाजून थकला. बाई हलल्या नाहीत.

त्या फोटोत दालन ओस आहे. किशोरी नाही, येरझाऱ्या घालणारा गुरुनाथ तर पार विरलाय. मधोमध, अंगावरच्या काळ्या अबायाच्या चुणीचुणीसकट, अलका. आणि तिच्या कपाळावरची आठी.