चिमण्या रुसल्यासारख्या

तळहातावरच्या त्या यंत्रावर तिनं मूठ मिटली, आणि मुठीतून बारीक शीळ वाजू लागली. शेंगदाण्याएवढा जीव, पण कोंडला की असा ओरडतो. मूठ उघडली — गप्प. एकवीस वर्षं ती लोकांच्या कानांना यंत्रं जुळवून देत होती, आणि यंत्र जिवंत आहे की नाही हे बघायची ही सगळ्यात सोपी युक्ती. पण आज ती तिसऱ्यांदा मूठ मिटत होती, कारण यंत्र बाबांचं होतं, आणि बाबा समोरच्या खुर्चीत रिकाम्या कानांनी बसून तिच्याकडे बघत हसत होते.

"बिघडलंय का गं, ठकू?" यंत्र काढलं की ते साऱ्या जगाशी ओरडून बोलत. "चिमण्या ऐकूच येत नाहीत हल्ली. खिडकीत बसलेल्या दिसतात, चोची उघडतात, मिटतात... माझ्यावर रुसल्यासारख्या."

बिघडलं नव्हतं. तिनंच केलं होतं ते.

चाळीस वर्षं दर रविवारी बाबा प्रार्थनाघरात उभे राहून देवाची गोष्ट सांगत. सांगता सांगता शब्द तिथंच सोडून सूर धरत, आणि ऐकणाऱ्याला कळतही नसे की बोलणं कधी संपलं नि गाणं कधी सुरू झालं. गेल्या आजारपणानंतर त्या आवाजात चरा पडला. चार महिन्यांपूर्वी घरी येऊन त्यांनी कोट न काढताच विचारलं होतं, "मघाशी वरच्या सुरात जाताना फाटला का गं माझा आवाज?" — आणि क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली होती, "छे! यंत्रच खरखरतंय तुमचं. द्या इकडे." मग इथं, याच टेबलावर, तिनं त्यातले वरचे बारीक आवाज चार पायऱ्या खाली आणले. चरा त्या वरच्या आवाजांतच राहत होता. किल्ल्यांची किणकिण, पानांची सळसळ, चिमण्या... सगळंच तिथं राहत होतं, आणि हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! बाबा पुढच्या रविवारी फुलून गायले. पहिल्या बाकावरची माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसली. उद्या रविवार.

त्याच सुमारास ती कामावरून परस्पर तत्त्वज्ञानाच्या वर्गाला जायला लागली. "पन्नाशीला टेकलीस आणि आता विचारतेस होय, खरं काय नि खोटं काय?" — वहिनीनं टोमणा मारलाच. मास्तरांनी सांगितलं होतं, आपली एक श्रद्धा निवडा, उलटीपालटी करून बघा, पानभर लिहा. तिनं लिहिलं: खोटं बोलू नये. खाली दोन आठवडे पान कोरं. ही श्रद्धा आपल्याकडे आली कुठून, असा पहिलाच प्रश्न होता, आणि उत्तर समोर खुर्चीत बसलं होतं. खरं बोलणाऱ्याच्या गळ्यात देव येऊन बसतो, असं बाबा गात; सात वर्षांची ती बाकावर बसून गळ्यावर बोट ठेवी, आवंढा गिळी, आणि आत काहीतरी सरकून जागा करून देई... आहे, आहे. त्या बोटासाठी तिचा जीव तुटत होता. बाबांच्या जुन्या आवाजासाठीही. पण त्याहून अधिक त्या बोटासाठी.

"मग, काय म्हणतात तुझे मास्तर? आहे का देव?" बाबा तिच्या ओठांकडे बघत होते.

"तिथवर पोचलोच नाही, बाबा. सध्या खोट्यावरच अडकलोय."

"खोट्याला एवढे दिवस? एका शब्दाचं काम ते!" आणि स्वतःच्याच विनोदावर ते खुर्ची हलेपर्यंत हसले.

खोटं बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचा निर्णय आपणच घेऊन टाकणं, असं मास्तर म्हणाले होते. तेव्हा तिला उठून म्हणावंसं वाटलं होतं, तुम्ही त्यांचा चेहरा बघितलेला नाही... आणि मी तरी कोणावर दया केली? मला तो फाटलेला सूर त्यांच्या चेहऱ्यावर बघवला नसता. मला.

तिनं यंत्राला वायर जोडली. पडद्यावर उभ्या पट्ट्या आल्या. एक पायरी वर. दोन. फक्त चिमण्या परत देता आल्या असत्या तर — पण चिमण्या आणि चरा एकाच घरात राहतात, एकाला बोलावलं की दुसरा येणारच. तीन. चार. तिनं यंत्र त्यांच्या कानात बसवलं.

बाबांनी मान वळवली. बाहेर, खिडकीच्या कठड्याकडे.

"आल्या," ते म्हणाले — हळू, कितीतरी दिवसांनी हळू. मग डोळे मिटून त्यांनी घसा खाकरला, गाण्याआधी खाकरत तसा.

आवाज फाटलाय हे यंत्राच्या तोंडूनच कळू द्यायचं का त्यांना? त्याच्या आड लपायचं?

"बाबा, थांबा. मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या दिवशी मी —"

त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. "सांग गं. एवढं बोलून होऊ दे चिमण्यांचं."

ती थांबली. बोट कधी गळ्याशी गेलं, तिला कळलं नाही. तिनं आवंढा गिळला. आत काही हललं नाही... पण कोणीतरी यायचं आहे म्हणून बाकावर थोडं सरकून बसावं, तशी एवढीशी जागा तिथं मोकळी झाली होती.