पात्याखालचं जवस

मी मिक्सरचं एक जुनं भांडं आहे. थांबा मित्रांनो, पोचे नंतर मोजा. आधी कालची गोष्ट ऐका!

स्टीलचा पत्रा दाबून मला घडवलं, तळाशी पाती बसवली. एका बेकरीत मी बारा वर्षं जवस दळलं. "याच्याइतकं बारीक कुणी दळत नाही," बेकरीवाली ताई म्हणायची. मग नवं भांडं आलं. मी वरच्या फळीवर. धूळ. धूळ. अजून धूळ.

आणि काल एक हात आला!

ताईच्या भावाने यंदा पहिल्यांदाच पिवळं जवस पेरलं होतं. ताई पावात नेहमी तपकिरी घालायची. दोन्हींत सरस कोणतं? पिवळं हरलं, तर भावाची पोती घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. चवी मिसळू नयेत म्हणून तपकिरी नव्या भांड्यात गेलं, पिवळं माझ्यात.

घर्रर्रर्र! काय नाचले दाणे!

निवाडा करायला दोघांची आत्या आली होती. तिने डोळे मिटून आधी तपकिरीचा, मग पिवळ्याचा चमचा चाखला.

"पहिलं खमंग. दुसरं कडू! थुंकू कुठे?"

भावाचं तोंड एवढंसं झालं. "पोषणात दोन्ही सारखीच आहेत, आत्या. तपासणीचा कागद आणलाय मी."

"मग पावात तो कागदच घाला."

मला ठाऊक होतं! माझ्या पात्याखाली जुनी पूड अडकली होती. मी ओरडलं असतं, पण बटण बंद.

आत्याने पुन्हा चाखलं. थांबली. "हे कडू नाही रे, खवट आहे. दाणे तर यंदाचे." तिने मला उचललं, नाक आत खुपसलं. "हा बघा चोर."

ताई ओशाळली. "घासलं होतं गं."

"तोंड धुतलंस, दात राहिले."

गरम पाणी. ब्रश. पाती खोलली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा! कोरडं पुसलं. पुन्हा पिवळं. घर्रर्रर्र!

"सौम्य आहे," आत्या म्हणाली. "किंचित गोडही. तपकिरीचा ठसका नाही."

"मुलं तपकिरीचा पाव अर्धा टाकतात," ताई पुटपुटली. तिने आणखी एक चमचा घेतला. "मुलांच्या पावात हेच घालू. सगळी पोती आण."

भाऊ मला पुसतच राहिला.

मित्रांनो, दळलेलं जवस लवकर खवटतं. आम्हाला पात्याखालीही धुवा, कोरडं ठेवा. आमच्या पोटात चिमूटभर राहतं, आणि बोल लागतो कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाला.